पेसमेकर बसवलेल्या रुग्णांतील मूर्च्छा

मेंदूचा रक्तपुरवठा अचानक घटल्याने काही क्षण शुद्ध हरपणे म्हणजे मूर्च्छा. पेसमेकर बसवलेल्या रुग्णाला ती आल्यास यंत्र बिघडले असावे, अशी शंका प्रथम येते. प्रत्यक्षात थोड्याच रुग्णांत यंत्र दोषी आढळते. पेसमेकर हृदयाची गती ठरावीक मर्यादेखाली जाऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. घसरता रक्तदाब तो सावरू शकत नाही.

पार्श्वभूमी

या यंत्राचा जन्मच मूर्च्छेच्या उपचारासाठी झाला. स्टॉकहोम येथे ८ ऑक्टोबर १९५८ रोजी शल्यचिकित्सक ओके सेनिंग यांनी अभियंता रुने एल्मक्विस्ट यांनी बनवलेला पेसमेकर आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवला. लार्सन यांना दिवसातून अनेकदा मूर्च्छा येत असे. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. पुढे वीसहून अधिक यंत्रे बदलत लार्सन २००१ पर्यंत जगले.

निदान

निदानाचा पाया म्हणजे रुग्णाची व प्रत्यक्षदर्शीची हकीकत. अंथरुणातून उठताच आलेली भोवळ रक्तदाबाकडे बोट दाखवते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब किमान २० किंवा खालचा किमान १० मिमी पाऱ्याने उतरल्यास हे कारण संभवते. रक्तदाबाची वा लघवी वाढवणारी औषधे अनेकदा त्यामागे असतात. ही तपासणी साधी असल्यामुळेच कदाचित राहून जाते. बसल्या जागी, पूर्वसूचनेविना आलेली मूर्च्छा मात्र हृदयाच्या लयीतील दोषाची शंका वाढवते.

यानंतर प्रोग्रामर नावाच्या उपकरणाने पेसमेकरची तपासणी करतात. त्यात बॅटरी, स्पंदन घडवण्यास लागणारी किमान ऊर्जा आणि लीडचा, म्हणजे हृदयापर्यंत गेलेल्या तारेचा, विद्युतरोध पाहतात. रोध एकाएकी फार वाढला तर तार तुटल्याचा किंवा जोडणी सैल झाल्याचा, फार घटला तर तिचे आवरण फाटल्याचा संशय येतो. छातीच्या जुन्या व नव्या क्ष-किरण चित्रांची तुलना केल्यास तार सरकल्याचे कळते. कधी तार जागेवर असूनही छातीच्या स्नायूंतील विद्युतसंदेशांना यंत्र हृदयाचे ठोके समजते आणि स्वतःचे संदेश थांबवते. पूर्णतः यंत्रावर विसंबलेल्या रुग्णाची शुद्ध त्यामुळे हरपू शकते. म्हणून तपासणीत त्याला हात हलवण्यास सांगून आलेख पाहतात.

यंत्राच्या स्मृतीत मूर्च्छेच्या वेळची नोंद सापडल्यास ती मोलाची ठरते. हृदयाच्या खालच्या कप्प्यांतील अतिजलद लय तीत दिसू शकते. अशा रुग्णाला वेगळ्या यंत्राची, डिफिब्रिलेटरची, गरज भासू शकते. नोंद निर्दोष असल्यास महाधमनीच्या झडपेचे आकुंचन, अपस्मार इत्यादी कारणांचा शोध घेतला जातो.