मुंबईच्या गोदीतील एक चिरंजीव नौका

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्ट्समथ बंदर म्हणजे ब्रिटिश आरमाराचे जुने माहेरघर. चिरंजीवांकडे काही दिवस राहण्याचा योग आला असता आम्ही उभयतांनी हे बंदर पाहिले. तेथे जतन केलेल्या नौकांची हकीकत ज्ञातिबांधवांस निवेदन करावी, व त्यानिमित्ताने आपल्या मुंबईच्या एका नौकेचे स्मरण करावे, एवढाच या अल्प लेखाचा हेतू आहे.

गोदीत शिरताच मान आपोआप लवते ती ‘व्हिक्टरी’पुढे. 1765 साली पाण्यात उतरलेल्या या 104 तोफांच्या नौकेवरच ट्रफाल्गारच्या संग्रामात, 21 ऑक्टोबर 1805 रोजी, सेनापती नेल्सन याने देह ठेवला. 1922 पासून ती कोरड्या गोदीत विसावली आहे. जवळच ‘मेरी रोझ’चे अवशेष आहेत. आठव्या हेन्रीची ही नौका 1545 साली याच बंदराच्या तोंडाशी बुडाली. तिचा सांगाडा 11 ऑक्टोबर 1982 रोजी, म्हणजे 437 वर्षांनी, वर काढण्यात आला. लाकूड सुकून तडकू नये म्हणून त्यावर प्रथम पाण्याचे व मागाहून मेणासारख्या द्रव्याचे फवारे तब्बल 2013 पर्यंत अखंड चालू होते. तिसरी ‘वॉरियर’, 1860 सालची लोखंडी युद्धनौका. एके काळी तिच्या नशिबी वेल्सच्या किनाऱ्यावर तेल उतरविण्याचा धक्का होऊन पडणे आले होते. तिचा उद्धार 1979 नंतर हार्टलपूल येथील कारागिरांनी केला.

हे वैभव पाहताना सहज वाटते, जतन करणे हा या लोकांचा स्वभावच असावा. परंतु याच बंदराचा इतिहास निराळे सांगतो.

नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे इंग्लंडात ओकच्या लाकडाची टंचाई पडली, तेव्हा आरमाराची दृष्टी मुंबईच्या गोदीकडे वळली. लवजी नसरवानजी वाडिया 1736 साली सुरतेहून मुंबईस आले, तेव्हापासून या घराण्याने जहाजबांधणीत नाव मिळविले होते. त्याच कुळातील जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारी सागाची ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट बांधली व 12 ऑक्टोबर 1817 रोजी तिचे मुंबईस जलावतरण झाले. साग पाण्यात सहजी कुजत नाही, आणि त्यातील तेलामुळे लोखंडी खिळाही लवकर गंजत नाही. जमशेटजींच्या हाताखाली ज्या सुतारांनी करवत व वाकस चालविला, त्यांची नावे कोण जाणतो? त्यांचे काम मात्र आजही बोलत आहे.

1897 साली ही नौका मोडीत निघाली. एका सद्गृहस्थाने ती विकत घेतली, ‘फूड्रॉयंट’ असे नवे नाव दिले आणि मुलांना नौकानयनाचे शिक्षण देण्यासाठी राबविली. पुढे पोर्ट्समथच्या पाण्यात तिच्या सोबतीस ‘इम्प्लॅकेबल’ होती. मूळची ही फ्रेंच नौका ट्रफाल्गारला लढली होती व त्याच वर्षी ब्रिटिशांच्या हाती लागली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र तिच्या दुरुस्तीस पैसा नाही, असे ठरले. 2 डिसेंबर 1949 रोजी ब्रिटन व फ्रान्स या दोन्ही देशांची निशाणे लावून तिला समुद्रात नेण्यात आले आणि सुरुंग लावून बुडविण्यात आले. या घटनेची हळहळ इतकी खोल गेली की, जुन्या नौकांच्या रक्षणासाठी 1979 साली स्थापन झालेल्या जागतिक संस्थेने ‘इम्प्लॅकेबल पुन्हा नको’ हेच आपले ब्रीद केले.

मुंबईच्या सागाची नौका मात्र वाचली. 1987 साली ती हार्टलपूलला नेण्यात आली. ‘वॉरियर’ नवी होऊन पोर्ट्समथला आली तेही याच वर्षी. तेथील कारागिरांनी अनेक वर्षे खपून ‘त्रिंकोमाली’चा जीर्णोद्धार केला व तिचे मूळ नाव तिला परत मिळाले. ब्रिटिश आरमाराच्या नौकांपैकी पाण्यावर तरंगत असलेली सर्वांत जुनी अशी तिची आज ख्याती आहे.

हे वाचून अभिमान वाटावा हे साहजिकच आहे. परंतु मनास डाचणारी एक गोष्ट लपविणे प्रशस्त होणार नाही. 1971 च्या युद्धात पराक्रम गाजविलेली आपली ‘विक्रांत’ काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. 2014 साली ती दारूखान्यात मोडली गेली. ‘विराट’ही 2020 साली अलंगच्या किनाऱ्यास लागली. कारण तेच, 1949 चे: खर्च परवडत नाही. मुंबईच्या हातांनी घडविलेली नौका परक्यांनी राखली आणि मुंबईच्या डोळ्यांदेखतची नौका आपण राखू शकलो नाही.

त्या लोकांना शहाणपण आले ते एक नौका गमावल्यावर. आपण दोन गमावल्या आहेत. आपल्या घरांच्या माळ्यांवरही जुन्या वह्या, वंशावळी, पूर्वजांची हत्यारे पडून आहेत. ती रद्दीत जाण्यापूर्वी ज्ञातिबांधवांनी एकवार खाली काढून पाहावीत, एवढीच नम्र विनंती.