मूत्रातील चयापचयी कर्करोगसूचके

पेशींच्या चयापचयात तयार होऊन लघवीवाटे बाहेर पडणारी आणि कर्करोगाचा सुगावा देऊ शकणारी लहान रेणूंची द्रव्ये. अर्बुदाच्या पेशी साखर व अमिनो आम्ले निरोगी पेशींपेक्षा वेगळ्या प्रकारे वापरतात; त्यातून उरलेला अंश रक्तातून मूत्रपिंडांत व तेथून लघवीत उतरतो. सुई टोचावी लागत नाही, हा मोठा लाभ. मात्र पाणी कमी-जास्त प्यायले की लघवी दाट-पातळ होते. म्हणून द्रव्याचे प्रमाण, लघवीत साधारण स्थिर प्रमाणात उतरणाऱ्या क्रिएटिनिनशी ताडून काढतात. आहारही आड येतो : कार्सिनॉइड अर्बुदाचे सूचक असलेले ५-एचआयएए केळी वा अक्रोड खाल्ल्यानेही वाढते.

सर्वांत बोलका अनुभव जपानचा. न्यूरोब्लास्टोमा या बालकांच्या कर्करोगात व्हीएमए व एचव्हीए ही द्रव्ये लघवीत वाढतात. क्योतोत १९७०च्या दशकात सुरू झालेली तपासणी पुढे देशभर पसरली. सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासली जाई. रुग्ण भराभर सापडू लागले. पण त्यांतल्या अनेकांची गाठ आपोआप विरली असती; त्या तान्ह्यांना शस्त्रक्रिया व केमोथेरपी विनाकारण सोसावी लागली. अशा तपासणीने मृत्यू घटत नाहीत, हे क्यूबेक व जर्मनीतील अभ्यासांनी २००२ मध्ये दाखवले आणि २००३ मध्ये जपानने कार्यक्रम थांबवण्याचे ठरवले. प्रोस्टेट कर्करोगासाठी २००९ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी पुढे आणलेले सार्कोसिन हे सूचकही इतर प्रयोगशाळांच्या पडताळणीत ठामपणे टिकले नाही.

गाठी किती सापडल्या यापेक्षा जीव किती वाचले, हे मोजणारा, पण वेगळ्या चाचणीचा, अभ्यास मराठवाड्यात झाला आहे. धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना त्यात घेतले होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत एचपीव्ही विषाणूची एकदाच चाचणी झालेल्या गटात त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. लघवीतल्या कोणत्याही चयापचयी सूचकाला असा पुरावा अजून मिळालेला नाही. लक्षणे असलेल्या रुग्णाच्या निदानात व्हीएमए, ५-एचआयएए उपयोगी पडतात. निरोगी माणसांच्या सरसकट तपासणीत नाहीत.

लक्षणे दिसली तर मात्र सूचकांची वाट पाहू नये. तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग मराठवाड्यात पुष्कळ. त्याचा पांढरा चट्टा वा न भरणारी जखम उजेडात तोंड उघडून पाहिले तरी दिसते. लघवीतून वेदनेविना रक्त गेले, मग ते एकदाच का असेना, तर मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेने त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.