एनोशिमाचा वाळूचा दांडा
जपानमधील एनोशिमा हे बेट व होन्शू बेटावरील कातासे हा किनारा यांना ओहोटीच्या वेळी जोडणारा वाळूचा पट्टा. एनोशिमा हे कानागावा प्रांतातील फुजिसावा शहराच्या हद्दीत, टोकिओच्या नैर्ऋत्येस सु. ५० किमी.वर, सागामी उपसागरात आहे. बेटाचा परिघ सु. ४ किमी. व कमाल उंची सु. ६० मी. आहे. भरतीच्या वेळी दांडा पाण्याखाली जातो व अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या ओहोटीला उघडा पडतो. बेट आणि किनारा यांना जोडणाऱ्या अशा दांड्यास भूविज्ञानात ‘टोंबोलो’ म्हणतात. भूरूप म्हणून तो विरळा नाही, तथापि सु. आठशे वर्षे यात्रामार्ग म्हणून त्याची नोंद होत आल्यामुळे जपानच्या धार्मिक व सामाजिक इतिहासात त्यास विशेष स्थान आहे.

दांड्याची उत्पत्ती सागरी लाटांच्या वक्रीभवनाने होते. खुल्या समुद्रातून येणाऱ्या लाटा बेटाच्या दोन्ही बाजूंनी वळतात व त्याच्या आडोशाला एकमेकींस भिडतात. तेथे त्यांचा जोर ओसरतो आणि साकाई नदीने व किनारी प्रवाहांनी आणलेली वाळू साचते. ही वाळू स्थिर नसते. वादळे व नदीचे पूर यांमुळे दांड्याची उंची आणि आकार बदलत राहतात.

बेटाचे माहात्म्य बेंझाइतेन या देवतेमुळे वाढले. बेंझाइतेन म्हणजे भारतीय सरस्वती होय. सुवर्णप्रभासोत्तम या बौद्ध सूत्राबरोबर ती चीनमार्गे जपानमध्ये गेली. तिचे अष्टभुज रूप याच सूत्रावर आधारलेले आहे. वाणी व संगीत यांबरोबरच जलाशी असलेला तिचा संबंध जपानमध्येही टिकून राहिला व तिची देवळे प्रायः बेटांवर, तळ्याकाठी आणि गुहांत उभारली गेली. कोकेई या भिक्षूने १०४७ मध्ये रचलेल्या एनोशिमा एंगी या स्थलमाहात्म्यानुसार, ५५२ मध्ये भूकंप व मेघगर्जना होऊन बेट समुद्रातून वर आले आणि त्यावर देवी उतरली. परिसरातील लोकांना छळणाऱ्या पाच मस्तकांच्या नागास तिने सन्मार्गावर आणले. ही कथा इतिहास म्हणून घेता येत नाही.

कामाकुरा येथे लष्करी सत्ता स्थापन होत असता बेटास राजाश्रय लाभला. उत्तरेकडील प्रबळ सरदार फुजिवारा हिदेहिरा याचा पाडाव व्हावा, या हेतूने मिनामोतो योरितोमो याने ११८२ मध्ये मोंगाकू या भिक्षूकरवी येथे बेंझाइतेनची स्थापना व अनुष्ठान करविले. दांड्याची महत्त्वाची नोंद यानंतरची आहे. आझुमा कागामी या कामाकुरा राजवटीच्या बखरीत १२१६ च्या आरंभी समुद्राचा अकस्मात रस्ता झाला, यात्रेकरूंना नावेची गरज उरली नाही व सर्व थरांतील लोकांची तेथे रीघ लागली, असे म्हटले आहे. मिउरा योशिमुरा या सरदारास खातरजमेसाठी पाठविण्यात आले व त्याने या घटनेस दुजोरा दिला. बखरकाराने या घटनेची गणना दैवी चमत्कारात केली आहे. त्यावरून पूर्वी बेटावर जाण्यास नाव लागत असावी व पायवाट ही त्या काळी अपूर्व गोष्ट असावी, असे अनुमान निघते. मात्र या बखरीचे संकलन घटनेनंतर बऱ्याच काळाने झाले व देवस्थानाचे माहात्म्य वाढविणारा वृत्तान्त तीत सहज स्वीकारला गेला असणे शक्य आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

एदो काळात (१६०३–१८६८) हा चमत्कार नित्याचा झाला. एदोहून (सध्याचे टोकिओ) काही दिवसांत होणारी ही यात्रा व्यापारी, कारागीर, नट व विशेषतः संगीताच्या शिक्षिका आणि त्यांच्या शिष्या यांच्यात लोकप्रिय होती. ओहोटीला लोक चालत जात. भरतीला होडी करीत. होकुसाई याच्या फुजी पर्वतावरील प्रसिद्ध चित्रमालिकेतील (सु. १८३०) एका चित्रात यात्रेकरू ओल्या वाळूवरून बेटाकडे जाताना दिसतात. हिरोशिगे याने सु. १८५० मध्ये देवीच्या दर्शनोत्सवाचे चित्र काढले; त्यात एकसारख्या छत्र्या घेतलेले स्त्रियांचे जथे किनाऱ्यावर दाटलेले आहेत. यात्रेची वेळ राजाज्ञेने वा पुरोहिताच्या सोयीने नव्हे, तर भरतीने ठरे, आणि तिच्यापुढे सरदार व सामान्य यांत भेद नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही घडी मोडली. १८६८ मध्ये नव्या शासनाने शिंतो व बौद्ध उपासना विभक्त करण्याची आज्ञा दिली. तीनुसार एनोशिमावरील बौद्ध संस्था संपुष्टात आली व तीर्थ शिंतो देवस्थान बनले. अधिकृत उपासना तीन शिंतो सागरदेवतांची झाली आणि शतकानुशतके यात्रेकरू जिच्यासाठी वाळू तुडवीत, त्या बेंझाइतेनचे स्थान गौण ठरले. तिच्या जुन्या मूर्ती सध्या बेटावरील एका अष्टकोनी मंदिरात आहेत. १८७७ मध्ये अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड सिल्व्हेस्टर मॉर्स याने बेटावरील कोळ्याच्या झोपडीत सागरी जीवांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा थाटली. पहिला लाकडी पूल १८९१ मध्ये झाला व १९०२ मध्ये फुजिसावा–कातासे लोहमार्ग सुरू झाला. भरतीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

१ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात बेट सु. १ मी. उचलले गेले व त्याच्या पायथ्याचा लाटांनी झिजविलेला खडकाळ मंच पाण्याबाहेर आला. अशा उत्थानाने दांडाही वर येतो. एंगीतील बेट वर आल्याच्या कथेमागे अशाच एखाद्या पूर्वानुभवाची स्मृती असणे असंभवनीय नाही. १९६४ च्या ऑलिंपिक सामन्यांतील नौकाशर्यतींसाठी बेटाच्या पूर्वेस भर घालून बंदर बांधण्यात आले. २०२० चे, परंतु २०२१ मध्ये झालेले, नौकानयनाचे सामनेही येथेच भरले.

पुलामुळे दांड्याची उपयुक्तता संपली, परंतु दांडा नाहीसा झाला नाही. मोठ्या ओहोटीला आजही लोक पुलाशेजारच्या वाळूवरून बेटावर जातात. परतण्याची वेळ मात्र त्यांना पूर्वीच्या यात्रेकरूंप्रमाणेच भरती पाहून ठरवावी लागते.