कड्यांचा परकर : शब्द, घेर आणि काल

यूरोपीय इतिहासावरील नाटकासाठी अथवा संग्रहालयातील प्रतिकृतीसाठी स्त्रीवेष सिद्ध करावयाचा असता कड्यांच्या परकराचा प्रश्न सर्वांआधी सोडवावा लागतो. वरच्या वस्त्राचा आकार आतल्या सांगाड्यावर अवलंबून असल्यामुळे सांगाडा चुकला, की कापड उंची असून व शिवण बिनचूक असूनही तो वेष त्या काळाचा राहत नाही. ह्या बाबतीत दोन चुका नेहमी आढळतात. एकच सांगाडा चार शतकांना पुरेल असे समजणे ही पहिली. आणि घेर जितका मोठा तितका वेष अस्सल, असे मानणे ही दुसरी. पहिलीचे मूळ शब्दाच्या, तर दुसरीचे मापाच्या अपुऱ्या विचारात आहे.

ह्या परकराची सुरुवात पंधराव्या शतकातील कास्तील प्रांतात झाली. राजा चौथा एन्रिके ह्याची पोर्तुगीज राणी ह्वाना हिने १४७० च्या सुमारास तो प्रचारात आणला. आपले गर्भारपण झाकण्यासाठी तिने ही युक्ती योजली, असा प्रवाद तत्कालीन इतिवृत्तात नोंदलेला आहे. स्पॅनिश भाषेत त्यास 'व्हेर्दुगादो' हे नाव मिळाले. 'व्हेर्दुगो' म्हणजे झाडाचा कोवळा, लवचिक फोक. त्याच्या मुळाशी हिरवेपणाचा वाचक असा लॅटिन शब्द आहे. अशा फोकांची कडी आरंभी वस्त्राच्या बाहेरच्या बाजूस उघड दिसत. पुढे ती आतल्या परकरात गेली. १५०१ मध्ये कॅथरिन ऑफ ॲरागॉन विवाहासाठी इंग्लंडात आली तेव्हा तिच्या परिवारासमवेत हा वेषही तेथे दिसला. फ्रेंचमधून इंग्रजीत जाताना शब्दाचे रूप 'फार्दिंगेल' असे झाले. 'फार्दिंग' ह्या नाण्याशी त्याचा व्युत्पत्तिदृष्ट्या काहीही संबंध नाही.

ह्या पहिल्या प्रकाराचे माप सुदैवाने लेखी उपलब्ध आहे. हुआन दे आल्सेगा ह्याचा शिंपीकामावरील ग्रंथ माद्रिद येथे १५८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या १५८९ च्या आवृत्तीत रेशमी व्हेर्दुगादोचा बेत दिला असून त्याची लांबी दीड 'व्हारा' व खालचा घेर तेरा वितींहून थोडा अधिक सांगितला आहे. 'व्हारा' हे माप मराठी वाचकास सर्वथा परके नाही. नऊवारी लुगड्यातील 'वार' हा शब्द पोर्तुगीज 'व्हारा'पासून आला, असे मानले जाते. मात्र आपला वार ३६ इंचांचा, तर कास्तीलचा व्हारा सुमारे ३३ इंचांचा. वीत म्हणजे व्हाऱ्याचा चतुर्थांश धरल्यास तेरा वितींचा घेर सुमारे १०७ इंच होतो, म्हणजे तळाचा व्यास जेमतेम ३४ इंच. दीड व्हारा ही लांबी कमरेपासून जमिनीपर्यंतच्या अंतराहून बरीच अधिक आहे. कडी ओवण्यासाठी घालावयाच्या दुमडींत ती खर्ची पडत असावी. एवढा घेर आपल्या मते पुरेसा असून कोणास अधिक हवा असल्यास तो वाढवता येईल, अशी पुस्तीही आल्सेगाने जोडली आहे. आज रंगभूमीवर स्पॅनिश दरबाराचा म्हणून जो अवाढव्य घेर दाखविला जातो, त्यास ह्या पुस्तीत काहीसा वाव मिळतो. पण नियम म्हणून आधार मिळत नाही.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस शंकूचा आकार मागे पडून इंग्लंड व फ्रान्समध्ये चाकासारखा आडवा पसरणारा प्रकार आला. मार्कस गीरार्ट्स ह्याने १५९२ च्या सुमारास काढलेल्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या चित्रात तो स्पष्ट दिसतो. स्पेनमध्ये सतराव्या शतकात 'ग्वार्दाइन्फान्ते', म्हणजे शब्दशः 'बालरक्षक', हा दोन्ही बाजूंस रुंदावलेला प्रकार रूढ झाला. चौथ्या फिलिपने १६३९ मध्ये वेश्यांखेरीज इतर सर्व स्त्रियांस त्याची मनाई केली. तथापि व्हेलास्केसच्या १६५६ च्या 'लास मेनिनास' ह्या चित्रात राजकन्येच्या अंगावरच तो आहे. अठराव्या शतकात फ्रेंचांनी अशाच रुंद सांगाड्यास 'पानिए', म्हणजे टोपली, म्हटले. पुढून-मागून चपटा व बाजूंस पसरट असलेल्या ह्या प्रकारास नुसता घेर सांगून भागत नाही. रुंदी व जाडी ही दोन्ही मापे द्यावी लागतात. इंग्लंडच्या दरबारी वेषात हे कडे १८२० पर्यंत टिकले. त्या वर्षी चौथ्या जॉर्जने ते बंद केले.

खरी फसगत होते ती 'क्रिनोलिन' ह्या शब्दाने. फ्रेंच 'क्रिन' म्हणजे घोड्याचे केस व 'लिन' म्हणजे जवसाचा धागा, ह्यांच्या विणीचे ताठ कापड हा त्याचा मूळ अर्थ. १८४० नंतरच्या दशकात ह्या कापडाच्या परकरालाही तेच नाव पडले. त्यात कडे नव्हते. पोलादी कड्यांच्या सांगाड्याचे एकस्व फ्रान्समध्ये मिलिए ह्याने १८५६ साली घेतले. त्यात घोड्याचा एकही केस नसताना जुने नाव मात्र त्याला चिकटले. वस्तू बदलली, शब्द तोच राहिला. परिणामी १८४८ सालच्या पत्रात 'क्रिनोलिन' शब्द वाचून त्या प्रसंगासाठी पोलादी सांगाडा वापरणारा अभ्यासक कालविपर्यास करतो, आणि तोही अस्सल साधनाच्या आधारे! शब्दाच्या तारखेवरून वस्तूची तारीख ठरवू नये, हा धडा केवळ वेषशास्त्रापुरता नाही.

आता घेराविषयी. १८६० च्या सुमाराचे क्रिनोलिन सहा यार्ड घेराचे असत, हे विधान वारंवार उद्धृत होते. सहा यार्ड म्हणजे २१६ इंच. परिघाच्या हिशेबाने व्यास जवळजवळ ६९ इंच, म्हणजे पावणेसहा फूट. नेसणाऱ्या स्त्रीच्या उंचीहूनही ही रुंदी अधिक भरते. उलट, संग्रहालयांत टिकलेल्या सांगाड्यांपैकी पुष्कळांचा खालचा घेर ९० ते १२० इंचांच्या दरम्यान आहे. वरच्या घागऱ्याचे कापड चुण्या घालून बसविलेले असल्याने त्याचा घेर सांगाड्याहून स्वभावतःच मोठा असतो. कापडाचे माप सांगाड्यास लावणे आणि फॅशनच्या चित्रांस व व्यंगचित्रांस मोजपट्टी मानणे, ह्या दोन कारणांनी हा आकडा फुगला असावा.

तेव्हा निवड करताना प्रथम दशक, मग आकार व शेवटी घेर ठरवावा, हा क्रम योग्य होय. १८५० च्या दशकाच्या अखेरीस घुमटासारखा गोल, तर १८६० च्या दशकाच्या मध्यास पुढे चपटा व मागे झुकलेला सांगाडा हवा. घेर नेसणाऱ्या स्त्रीच्या उंचीच्या प्रमाणात असावा. कमरेपासून जमिनीपर्यंतचे अंतर ३८ इंच असेल, तर १२० इंचांचा घेर सुमारे तेवढाच व्यास देतो. सामान्य वेषासाठी ही वरची मर्यादा समजावी. शेवटचे कडे जमिनीपासून काही इंच वर ठेवावे, नाहीतर पाऊल त्यात अडकते. उतारामुळे वरच्या घागऱ्याची लांबी वाढते, हेही विसरू नये : २५ इंच कंबर धरून वरील मापांनी सरळ उताराचा हिशेब केला, तर ती ३८ ऐवजी सुमारे ४१ इंच येते, घुमटाकारास त्याहूनही अधिक लागते. कड्यांच्या रेषा बाहेर उमटू नयेत म्हणून सांगाड्यावर आणखी एक साधा परकर आवश्यक असतो.

ही मापे केवळ शिंप्याच्या कामाची नव्हेत. ८ डिसेंबर १८६३ रोजी चिलीतील सांतियागो येथे चर्चला लागलेल्या आगीत दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि पसरट घागऱ्यांमुळे त्यांची सुटका अधिक कठीण झाली, असे सांगितले गेले. ह्या वेषाचा धोका खरा होता. परंतु व्यंगचित्रांतील सहा यार्डांचा आकडा खरा मानला, की तो वापरणारी स्त्री केवळ हास्यास्पद ठरते, आणि दारातून जाणारी, जिने चढणारी, घरकाम करणारी स्त्री इतिहासातून नाहीशी होते. टिकलेला सांगाडा मोजला असता तीच स्त्री पुन्हा दृष्टीस पडते. गतकालीन वेषाचा घेर ठरविताना त्या काळच्या माणसांविषयीचा निर्णयही आपण नकळत देत असतो. यास्तव तो ऐकीव आकड्यावरून न देता वस्तू मोजून द्यावा, हेच इतिहासाच्या शिस्तीस धरून होईल.