पंधरा माणसांचे घर



वैशाख सरत आला की शेतकऱ्याच्या घरात दोन पंचांगे एकदम उघडतात. एक सूर्याचे. रोहिणी २५ मेच्या सुमारास लागते, मृग ७ जूनला, आणि त्यावर नांगर, कुळव, तिफण, बी-बियाणे सगळे ठरते. दुसरे चंद्राचे. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून आणि अष्टमीला आळंदीहून पालखी निघते, आणि त्यावर ठरते घरातले कोण जाणार. वाचकहो, आपण वारीचा इतिहास वाचतो तो या दुसऱ्या पंचांगावरून: कोणत्या शतकात कोण चालले, दिंड्या कशा लागल्या, अश्व कुठून आले. पहिल्या पंचांगावर चालणारे, म्हणजे मागे राहिलेले घर, त्या इतिहासात क्वचित येते. पण ज्यांच्या नावाने आपण चालतो त्या संतांच्या घरी हाच ज्येष्ठ होता आणि त्या घरांतही माणसे पुष्कळ होती.

नामदेवरायांचे घर घ्या. जनाबाईंच्या नावे एक अभंग आहे, त्यात त्या घरातली माणसे नावानिशी सांगितली आहेत. दामाशेटी आणि गोणाई हे आई-वडील. नामदेव आणि राजाई. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे आणि त्यांच्या बायका लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. मुलगी लिंबाई, बहीण आऊबाई. आणि पंधरावी स्वतः जनी. आपल्याकडे जुन्या घराण्यांच्या वंशावळी पुष्कळ सापडतात, पण त्यांत पुरुषांच्या नावाखाली पुरुषांची नावे असतात. लेक, सून, बहीण कोऱ्या जागेत गेलेल्या. इथे एका दासीने सुनांची नावे एकेक करून घेतली आहेत. चौदाव्या शतकातल्या कुठल्या राजवाड्यातल्या सुनांची नावे आपल्याला इतकी नीट ठाऊक नाहीत, जितकी पंढरपुरातल्या एका शिंप्याच्या घरातल्या ठाऊक आहेत. अभंग त्यांचेच की पुढे कोणी रचले यावर अभ्यासकांत वाद आहे. तो असो. पण ज्या कोणी रचला त्याला घर म्हणजे ही पंधरा माणसे, असे वाटले हे खरे.

आता त्या घरात उन्हाळा कसा सरत असेल, ते पाहू. इथे अनुमान आहे, पण अनुमानाला जमीन आहे. पंढरपूर हा रब्बीच्या ज्वारीचा मुलूख. ज्वारी माघ-फाल्गुनात निघते. ज्येष्ठात ती पेवात किंवा कणगीत असते आणि घरची मोठी बाई मापाने काढते, कारण पुढचे पीक फार लांब असते. शिंप्याचे घर म्हटल्यावर दाणा विकत किंवा कामाच्या मोबदल्यात यायचा. म्हणजे लग्नसराई संपली की शिवणही थंडावणार आणि दाणाही. भीमा तेव्हा वाळवंटात एका धारेची झालेली, पाण्याला लांब जायचे. धाब्याची घरे, पहिल्या पावसाआधी धाब्यावर चढून पांढरी माती पसरायची, चोपायची, नाही तर मृगात चुलीवरच गळते. गोवऱ्या आणि जळण आत घ्यायचे. डाळी उन्हे देऊन, राख चोळून ठेवायच्या. (तिखट कुटण्याचा उन्हाळी सोहळा मात्र या घरात नव्हता. मिरची पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली, नामदेवरायांनंतर दीडशे-दोनशे वर्षांनी. संतांच्या घरची मिरची-भाकर असे कोणी रंगवून सांगितले, तर हसून सोडून द्यावे. मिरी, मोहरी, आले यांवर त्यांचे भागत होते.)

आणि दळण. माणशी तीन-चार भाकरी धरल्या तर पंधरा माणसांना दिवसाला पन्नासेक भाकरी लागतात. त्याला पाच-सहा किलो पीठ हवे. जात्यावर दोघी समोरासमोर बसल्या तरी एवढ्या दळणाला दोन तास कुठे गेले कळत नाही, आणि ते पहाटे व्हायला हवे, कारण उजाडल्यावर पाणी, झाडलोट, शेण, धुणे वाट पाहत असतात. जनाबाईंच्या कथेत विठ्ठल जात्याचा खुंटा धरतो, पाणी भरतो, गोवऱ्या वेचतो. कीर्तनात आपण यातून भक्तीचा महिमा ऐकतो, आणि तो आहेच. पण त्या घरात काम इतके होते की देवाला हात लावायला बोलवावे लागले, हाही त्या कथेचा अर्थ आहे. कीर्तनकार मंडळी क्षमा करतील. देव जनीकडे आला, तो राजमंदिरात नाही, जात्याशी आला, आणि तो ज्या घरातल्या जात्याशी आला तिथे पंधरा माणसांची भूक होती.

पंढरपुरात राहणाऱ्याला आणखी एक काम. बाकीच्या महाराष्ट्रातून वारी निघते. त्यांच्या दारात ती येते. म्हणजे घरातला दाणा सर्वांत खाली गेलेला असताना पाहुणे येतात. आजही पंढरपुरातल्या जुन्या वाड्यांत विचारा, आषाढीला कोण कोणाकडे उतरते ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते.

राजाईंच्या नावाचे अभंग वाचताना हे ध्यानात ठेवावे. त्या रखुमाईपाशी गाऱ्हाणे सांगतात: घरात नाही, नवरा देवळात. गोणाईही लेकाला शिवणकामाकडे बघ म्हणतात. परिसाची कथा आपल्याला ठाऊक आहे. परिसा भागवतांची कमळजा आणि राजाई यांचे नदीवर बोलणे झाले, दारिद्र्याची गोष्ट निघाली, कमळजाने नवऱ्याजवळचा परीस थोड्या वेळासाठी दिला. नामदेवरायांना कळले आणि त्यांनी तो चंद्रभागेत टाकला. पुढे परिसा भागवतांनी मागितला तेव्हा नदीतून ओंजळभर खडे काढले, तर सगळेच परीस. इथे कथा थांबते आणि ऐकणारे टाळी वाजवतात. मला कथेनंतरच्या सकाळचा प्रश्न पडतो. त्या दिवशीही पन्नास भाकरी लागल्या असणार. त्यांचे पीठ राजाईने कुठून आणले?

हा प्रश्न उपटसुंभ वाटेल, पण तो संप्रदायाने स्वतःच जपला आहे. राजाईंचे आणि गोणाईंचे गाऱ्हाणे कोणी गाथेतून काढून टाकले नाही. पुढच्या पिढ्यांना ते सहज झाकता आले असते. लिहिणाऱ्यांनी, पाठ करणाऱ्यांनी ते देवाच्या स्तुतीशेजारी ठेवले. संताच्या घरात भांडण होते, आणि ते ऐकण्याजोगे होते, असे या परंपरेला वाटले.

दुसरे घर देहूचे. इथे इतिहासाचा उजेड जास्त आहे. बोल्होबा आणि कनकाई, तीन मुलगे: सावजी, तुकोबा, कान्होबा. घरात महाजनकी, दुकान, शेती, सावकारी, आणि विश्वंभरबाबांपासून आलेली पंढरीची वारी. तुकोबारायांच्या दोन बायका, रखमाई आणि जिजाई. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ साली एकत्र कुटुंबाचे लक्षण सांगितले ते साधारण असे: एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचे खाणारी, मिळकत सामाईक असणारी आणि एकाच देवपूजेत वाटेकरी असणारी नात्यातली माणसे. देहूचे घर या मापात तंतोतंत बसते. आणि त्या चार धाग्यांतला एकेक धागा कसा सुटत गेला, तेही या घरात दिसते.

तुकोबाराय सतराएक वर्षांचे असताना आई-वडील गेले. मग थोरल्या भावाची बायको गेली आणि सावजी घर सोडून तीर्थांना निघून गेले. थोरला गेला की घराचे ओझे मधल्यावर येते. त्यानंतर १६३० च्या आसपासचा दुष्काळ. रोहिण्या गेल्या, मृग गेला, आर्द्रा गेल्या, आणि आभाळ तसेच. उन्हाळा संपलाच नाही. उन्हाळ्याच्या शेवटी घराची सगळी बेगमी पुढच्या पावसाच्या भरवशावर असते; पाऊस आला नाही की पेव उघडून तळ दिसतो आणि तेवढेच. गुजरात आणि दख्खनभर माणसे मेली. शाहजहानच्या दरबारी इतिहासकारानेही ते लिहून ठेवले. तुकोबारायांनी स्वतः सांगितले आहे की द्रव्य गेले, मान गेला, आणि एक बायको अन्न अन्न करीत गेली. ती रखमाई. मुलगाही गेला. सावकाराच्या घरात हे झाले. कुळांच्या घरात काय झाले असेल, त्याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

मग इंद्रायणी. परंपरा सांगते की तुकोबारायांनी लोकांकडून येणे असलेली खते नदीत बुडवायला काढली, तेव्हा कान्होबांनी आपला वाटा मागितला. निम्मी खते कान्होबांना दिली, निम्मी पाण्यात गेली. कीर्तनात कान्होबांची बाजू फारशी कोणी मांडत नाही. ते संसारी ठरतात, आणि विषय पुढे जातो. मला वाटते, त्यांच्यावर हा अन्याय आहे. दुष्काळाने झोडपलेल्या घरात, ज्या भावाला पुढच्या ज्येष्ठाचा दाणा दिसत होता, त्याने निम्मे मागितले. सगळे मागितले नाही. आणि तुकोबारायांनीही ते नाकारले नाही. कुळांचे निम्मे कर्ज माफ झाले, घराचा निम्मा आधार उरला. दोघा भावांनी मिळून ते केले असे म्हटले तर काय बिघडते? हेच कान्होबा थोरल्या भावाच्या प्रयाणानंतर किती कळवळून बोलले, ते गाथेत त्यांच्या अभंगांतच आहे. मिळकतीचा धागा तुटला होता. बाकीचे टिकले.

आणि जिजाई. पुण्याच्या सावकाराची लेक. भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन चढणारी. ज्येष्ठातल्या दुपारी भंडारा चढून पाहावा. मग त्यांच्या तोंडचे कडवे शब्द कडवे वाटत नाहीत. तुकोबाराय गेले तेव्हा नारायण त्यांच्या पोटात होता. त्याच नारायणमहाराजांनी पुढे १६८५ च्या सुमारास तुकोबारायांच्या पादुका पालखीत घेतल्या, आळंदीहून माउलींच्या पादुका घेतल्या, आणि एकत्र सोहळा पंढरीला नेला. एकोणिसाव्या शतकात हैबतरावबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा वेगळा उभा केला, शिस्त लावली. अंकलीच्या शितोळे सरदारांचा अश्व अजून येतो. हे सर्व वाचकांना पाठ आहे. मला एवढेच जोडायचे आहे की पालखीची कल्पना ज्याच्या मनात आली तो मुलगा वडिलांना न पाहता, भाकरी घेऊन डोंगर चढलेल्या आईच्या हाताखाली वाढला.

आता पुन्हा ती दोन पंचांगे. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ चे. म्हणून पालखी दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकते आणि अधिक मास आला की एकदम मागे जाते. २०१८ साली अधिक ज्येष्ठ होता. देहूचे प्रस्थान ५ जुलैला झाले, आषाढी २३ जुलैला. तोवर पुष्कळ ठिकाणी पेरणी उरकलेली होती. २०२३ साली प्रस्थान १० जूनला आले, मृग लागून तीन दिवस झालेले, आषाढी २९ जूनला. अशा वर्षी घरात खरा प्रश्न उभा राहतो. पाऊस वेळेवर आला तर वापसा येईल त्या दिवशी तिफण धरणारा वाखरीला असेल. (त्या वर्षी पाऊसच लांबला आणि प्रश्न परस्पर सुटला.) एकट्या-दुकट्या घराला हा प्रश्न अवघड. मोठ्या घराने तो शतकानुशतके वाटून सोडवला: या साली थोरला, पुढच्या साली धाकटा, म्हातारा दरवर्षी, सासू नातवाला मांडीवरून उतरवून एकदा, आणि सून, बहुधा, केव्हा तरी. जाणाऱ्याच्या पडशीत भाकरीचा तुकडा, चटणी, घोंगडी. राहणाऱ्यांच्या वाट्याला त्याचे बैल, त्याची पाणीपाळी, त्याचा बांध.

राहिलेल्यांची बखर कुठे आहे? जात्यात. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी १९८० च्या दशकापासून खेड्याखेड्यांतून बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. संख्या लाखाच्या वर गेली. त्यांत पंढरीच्या ओव्यांचे ढीग आहेत. वाट, चंद्रभागा, विठ्ठल-रखुमाईची कुरबूर, सगळे आहे, आणि गाणाऱ्या अनेक जणी अशा की त्यांच्या पायांना ती वाट फारशी मिळाली नाही. दळताना त्या तिथे जाऊन आल्या. गिरण्या आल्या, पहाटेचे दोन तास वाचले, ते चांगलेच झाले. त्या दोन तासांबरोबर ही बखरही बंद झाली. आपल्या घरात सत्तरी ओलांडलेली कोणी असेल तर तिला या ज्येष्ठात विचारून पाहा. पहिली ओवी आठवायला वेळ लागतो, मग लागत नाही.

नामदेवरायांच्या घराचा शेवट आषाढातच झाला. शके १२७२, आषाढ वद्य त्रयोदशी. महाद्वाराच्या पायरीशी घरातल्या सर्वांनी देह ठेवले असे परंपरा सांगते. सर्वांनी म्हणजे चौदांनी. थोरली सून लाडाई त्या वेळी तिथे नव्हती, बाळंतपणासाठी तिला धाडले होते. ही तिथी आपल्याला कळते ती तिच्याच नावे चालत आलेल्या अभंगातून. त्यात ती मास सांगते, तिथी सांगते आणि मलाच एकटीला का मागे ठेवले म्हणून विठ्ठलाशी भांडते. वंश तिच्याकडून पुढे चालला. पंढरपुरातले नामदास घराणे आजही त्या दिवशी पायरीशी असते.