वृत्तछायाचित्र : एक इतिहाससाधन

शहापूर व मुरबाड तालुक्यांत जुने कागद धुंडाळणाऱ्या संग्राहकास दप्तरांबरोबर छायाचित्रेंही हातीं लागतात. कागद बासनांत बांधले जातात; छायाचित्रें मात्र शोभेची वस्तु समजून बाजूस पडतात. त्यांची योग्यता कशी ठरवावी, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

माहुलीचे सुळके किंवा माळशेज घाटांतील धुकें यांचें चित्र आज काढिलें काय आणि दहा वर्षांनीं काढिलें काय, त्याचें सौंदर्य उणें होत नाहीं. मनाजोगता प्रकाश मिळेपर्यंत छायाचित्रकारास थांबतां येतें. वृत्तछायाचित्राचें तसें नाहीं. घडलेली गोष्ट लोकांस कळविणें हा त्याचा हेतु. म्हणून स्थळ, काळ व व्यक्ति यांची नोंद हा त्याचा प्राण होय. चित्राखालील ओळ ही पोथीच्या पुष्पिकेच्या ठिकाणीं मानावी. चित्रांत मागाहून कांहीं घालणें वा खोडणें हें पत्राची मिती बदलण्यासारखेंच आहे.

नारायण विनायक विरकर यांनीं १३ एप्रिल १९१९ च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेंत जाऊन भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा टिपल्या. तीं चित्रें गोळीबाराचीं नव्हेत, त्याच्या खुणांचीं होत. हा भेद सांगितल्यानें पुराव्याचें मोल घटत नाहीं, उलट तो पक्का होतो.

मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडीं २ जानेवारी १९४३ रोजीं पोलिसांच्या गोळीबारांत भाई कोटवाल व हिराजी पाटील यांस वीरमरण आलें. पुढें तेथें स्मारक झालें. त्या स्मारकाचें मितीवांचून एखादें चित्र सांपडलें, तर त्यास लढ्याचें चित्र म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. नाहींतर खऱ्या घटनेस खोटा पुरावा जोडला जाऊन घटनाच संशयास्पद ठरते. तें चित्र घटनेचें नव्हे, स्मरणाचें साधन होय. मात्र वर्ष व जमलेल्यांचीं नांवें कळलीं, तर स्मरणाच्या इतिहासांत तेंही अस्सल ठरेल.

वृत्तपत्रांत छापतांना पुष्कळदां चित्राच्या कडा कापल्या जातात. म्हणून मूळ काच वा फिल्म ही अस्सल व छापील चित्र ही नक्कल समजावी. संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, चित्राच्या पाठीवरील अक्षरें व शिक्के पुसूं नयेत. जाणतीं माणसें हयात आहेत तोंच त्यांस विचारून नांवें निराळ्या कागदावर लिहून ठेवावीं. आणि जेथें अनुमान असेल तेथें अनुमान म्हणूनच लिहावें.