समुद्रघोड्याला कायद्याचे कवच, पण जाळ्याचा धोका कायम

छत्रपती संभाजीनगर : सुट्टीत मालवण-तारकर्लीला जाणारे मराठवाड्यातील पर्यटक डॉल्फिन आवर्जून पाहतात. त्याच कोकण किनाऱ्यावर आढळणारा समुद्रघोडा मात्र सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. अश्वमीन या नावानेही ओळखला जाणारा हा जीव घोड्यासारखा दिसत असला, तरी तो मासाच आहे. 'हिप्पोकॅम्पस' या प्रजातीत त्याच्या चाळीसहून अधिक जाती आहेत.

समुद्रघोड्याच्या अंगावर खवले नसतात. त्वचेखाली हाडांच्या कड्यांचे चिलखत असते. त्याला दात आणि जठर नसल्याने नळीसारख्या तोंडाने सूक्ष्म कवचधारी जीव ओढून घेत त्याला सतत खावे लागते. तो उभ्याने पोहतो. पाठीवरचा पर सेकंदाला सुमारे ३५ वेळा हलत असला, तरी त्याचा वेग अत्यल्प असतो. त्यामुळे समुद्रगवत, प्रवाळ किंवा खारफुटीच्या मुळांना शेपटीने धरून तो एकाच परिसरात राहतो.

त्याचे प्रजननही आगळे आहे. मादी नराच्या पोटावरील पिशवीत अंडी घालते आणि गर्भारपण नर सोसतो. साधारण दोन ते चार आठवड्यांनी शेकडो पिले बाहेर पडतात; परंतु त्यांपैकी फारच थोडी जगतात. अनेक जातींत नर-मादीची जोडी हंगामभर टिकते. एक जोडीदार नाहीसा झाल्यास दुसऱ्याचे प्रजननही खंडित होते.

वाळवलेल्या समुद्रघोड्यांना पारंपरिक चिनी औषधांसाठी, तर जिवंत समुद्रघोड्यांना मत्स्यालयांसाठी मागणी असते. या व्यापाराला आळा घालण्यासाठी भारताने २००१ मध्ये त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. 'साइट्स' करारानुसार त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणण्याचा निर्णय २००२ मध्ये झाला व तो २००४ पासून अमलात आला.

मात्र, खरा प्रश्न शिकारीपेक्षा जाळ्याचा आहे. कोळंबीसाठी समुद्राचा तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात समुद्रघोडेही ओढले जातात आणि त्यांचा आधार असलेले समुद्रगवतही उपटले जाते. जाळे कापून कासव, व्हेल शार्क यांसारख्या संरक्षित प्राण्यांची सुटका करणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने २०१८ मध्ये सुरू केली. परंतु मासळीच्या ढिगात दबलेला बोटभर समुद्रघोडा दिसेपर्यंत बहुधा मेलेला असतो.

गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पिवळ्या समुद्रघोड्याच्या बंदिस्त पैदाशीवर संशोधन केले आहे. तथापि, पिलांना परतण्यासाठी सुरक्षित अधिवास हवाच. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचे क्षेत्र अवघे २९.१२ चौरस किलोमीटर आहे. उथळ किनारी पाणी ट्रॉलरमुक्त ठेवणे, हाच या माशाच्या रक्षणाचा मुख्य उपाय होय. नागरिकांनीही वाळवलेला समुद्रघोडा औषध वा शोभेची वस्तू म्हणून विकत घेऊ नये. तो व्यवहार कायद्याने गुन्हा ठरतो.